मायच्या बाजूची मुळं

पिंपळ मेला असता तर मला नावं ठेवायला गावातले दीडशे उंबरे तयार होते, आणि त्यांचं काही चुकलंही नसतं. ते दुखणं मी मागून घेतलं होतं.

मी ज्योत्स्ना. राहायला अमरावतीत, राजापेठेत, शिकवणीवर्गांच्या आणि दुचाक्यांच्या कलकलाटात. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला मी असं उत्तर देते की तो पुन्हा त्या फंदात पडत नाही. घरात मी आणि माय. सुंदराबाई, पंच्याहत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले. गच्चीवर माझी चाळीसेक बोन्साय आहेत. माय त्यांना "तुयी लंगडी पोट्टी" म्हणते.

मायचं माहेर पातूरजवळचं. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि सत्तावन्नच्या उन्हाळ्यात स्वतःची विहीर खोदली. त्याआधी आमच्या बायका गावच्या विहिरीपाशी घागरी घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आली तर ऊन चढेपर्यंत उभं राहा. माय तेव्हा आठ वर्षांची होती. नव्या विहिरीच्या मातीची टोपली तिनं डोक्यावरून वाहिली आहे. तिचा चुलतभाऊ पुंजाजी, म्हणजे माझा मामा, दगड वाहायचा. पुढं कधीतरी त्या विहिरीच्या बांधकामात, दोन पुरुष खोल, दगडांच्या सांध्यात एक पिंपळ आपोआप उगवला. तीस-पस्तीस वर्षं तो तिथंच राहिला, माझ्या दंडाएवढा जाड आणि जेमतेम कमरेएवढा उंच. कोणी लावला नाही, कोणी खत घातलं नाही. बोधिवृक्ष आपल्याच विहिरीत आला, याचं वस्तीला फार अप्रूप होतं.

मागच्या वर्षी रस्ता चौपदरी व्हायला निघाला आणि विहीर बरोबर मधोमध आली. बदल्यात नळ आला, नव्या विहारासाठी वीस बाय तीसची जागा मिळाली. पण पिंपळाचं काय करायचं? त्या एवढ्याशा जागेत जमिनीत लावला तर पाच-दहा वर्षांत विहाराचा पाया फोडणार. तोडायला हात कोणाचा उठणार? बैठकीत दोन तास नुसता खल चालला होता, आणि मला खल सहन होत नाही.

"मी नेते," मी म्हणाले. "एक वरीस द्या मले. कुंडीत जगवते. पुढच्या बुद्धपौर्णिमेले दगडी कुंडीत बसवून इथंच आनून ठेवते. मोठा होनार नाही, पन जिता राहीन."

पुंजाजी मामा माझ्याकडे वळला. "पाह्य बाई. जबान देऊन राहिली तू."

"देऊन राहिली," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरं काय.

आता हे कसं असतं ते सांगते. रानातलं झाड उपटून कुंडीत आणलं की लगेच त्याला बोन्साय म्हणायची घाई करायची नसते. पहिलं वर्ष फक्त जगवायचं. तार बांधायची नाही, आकार द्यायचा नाही, खत घालायचं नाही, जागेवरून हलवायचं नाही. आणि मुळं धरली का म्हणून उकरून बघायचं तर मुळीच नाही. पावसाच्या तोंडावर काढलं असतं तर निम्मं काम आभाळानं केलं असतं. पण रस्त्याच्या मशीनवाल्यांनी एप्रिलातल्या एका सोमवारपर्यंतची मुदत दिली, आणि त्या आठवड्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसवर होता.

मी अकोटहून किशोरला बोलावलं. आमच्याच कॉलेजात शिकून गेलेला मुलगा, आता रोपवाटिका चालवतो, आणि झाडाच्या बाबतीत माझ्याहून दोन बोटं वरच आहे. कमरेला दोर बांधून तो विहिरीत उतरला आणि छिन्नीनं एकेक दगड सुटा करत सात तास लोंबकळत राहिला. मुळं सांध्यात दबून चपटी झालेली, कापलं की पांढरा चीक गळायचा. वर आणल्यावर आम्ही फांद्या आखूड केल्या, कापांवर हळदीचा लेप लावला आणि मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळली.

"ताई," किशोर म्हणाला, "टबात मुरूम अन् विटेचा चुरा. बस. काळी माती चिमूटभरबी नोको. कुंडीत ते पानी धरून बसते, मुळं गुदमरून मरतात."

"मले शिकवून राहिला का?" मी म्हणाले. हे मी स्वतः दरवर्षी पोरांना सांगते.

तो गाडी बघायला गेला आणि तेवढ्यात पुंजाजी मामा अर्धी गोणी माती घेऊन आला. विहिरीच्या तळचा गाळ होता तो, काळाभोर आणि ओला. त्याच्यामागं पंधरा-वीस बाया येऊन उभ्या राहिल्या. एकीनं चिमूट घेऊन कपाळाला लावली.

"हे घेऊन जाय," मामा म्हणाला. "आपली माती हाये. इच्यातच वाढला तो. परक्या मातीत कसा जीव धरीन?"

तो पिंपळ मातीत वाढलाच नव्हता, दगडात वाढला होता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला. प्राचार्यांनाही तोंडावर नाही म्हणणारी मी, तिथं तोंड उघडेना. आणि खरं सांगायचं तर मलाही ती माती हवी होती. घरी आल्यावर टबाच्या कडेनं मी मुरूम भरला आणि मधे, खोडाभोवती, अगदी मुळांना लगटून, ती सगळी काळी माती दाबून बसवली. किशोरचा फोन आला. "मुरूमच टाकला नं ताई?" मी म्हणाले, "मुरूमच."

मग माझा दिनक्रम ठरला. गच्चीवर हिरवी जाळी बांधली. खोड हलून नवी मुळं तुटू नयेत म्हणून ते टबाला तारेनं आवळून टाकलं. वरून पारदर्शक प्लॅस्टिक घातलं. सकाळ-संध्याकाळ खोडावर पाण्याचा फवारा, आणि मुळाला पाणी बोट घालून कोरडं लागलं तरच. मायला मी बजावून सांगितलं, "त्याले पानी टाकू नोको. मी पाहून घेईन." ती "बरं" म्हणाली.

बाविसाव्या दिवशी पालवी फुटली. तांब्याच्या रंगाची, बोटभर पानं. मी फोटो काढून वस्तीच्या ग्रुपवर टाकला आणि पुंजाजी मामाचा फोन आला, "जिकली वं पोरी." त्या दिवशी मी मायला जिलबी आणली. किशोर तेवढा म्हणाला, "ताई, हे पानं खोडातल्या जुन्या शिदोरीवरचे असतात. मुळं धरल्याबिगर खुश होऊ नका." मी त्याला म्हणाले, तोंड गोड कर आणि फोन ठेव.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पानं मलूल पडायला लागली. आधी शेंडे काळे झाले, मग देठ सुटले. रोज दोन-तीन पानं टबात पडलेली दिसायची. नखानं खोडाची साल खरवडून पाहिली तर वर हिरवी आणि बुडाशी तपकिरी. खाली वाकलं की नासल्याचा वास यायचा. माझी झोप उडाली.  दीडशे घरांची एकच वस्तू उरली होती आणि ती माझ्या गच्चीवर सडत होती.

अशाच एका पहाटे झोप येईना म्हणून मी वर जायला निघाले, तर जिन्यात माय. गुडघे वाकत नाहीत म्हणून ती बसून जिना चढत होती. आधी तांब्या वरच्या पायरीवर ठेवायचा, मग दोन्ही हात टेकून अंग वर ओढायचं. मी अंधारात तशीच उभी राहिले. ती गच्चीच्या दारापर्यंत गेली, दाराला लागूनच टब होता, हात लांबवून तिनं प्लॅस्टिक उचललं आणि अलीकडच्या कडेला तांब्या रिता केला. मग हात जोडून पुटपुटली.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "आनला तवापासून. रोज एक तांब्या. जास्त नाही टाकत वं."

"मी नाही म्हनलं होतं नं तुले?"

"म्हनलं होतं. पन एवढ्या उन्हात ते कसं राहीन? तू फुसफुस करून अंग ओलं करते त्याचं, तोंडात थेंब नाही. घागर घेऊन मी उभी राह्यली हाये, बाई. मले ठाव हाये तहान कशी असते."

आणि मी बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण तेवढं तरी मी केलं पाहिजे.

"तुह्या हाताले जीव लागतच नाही, माय. आधीचे दोन गेले, आता हेबी घालवलं."

माझ्या आधी तिला दोन मुलं झाली होती. एक अकरा दिवसांचं गेलं, एक आठ महिन्यांचं. आमच्या घरात त्यांचा विषय कोणी काढत नाही. बाबांनीही कधी काढला नव्हता. मायनं माझ्याकडे पाहिलं, रिकामा तांब्या तिथंच राहू दिला आणि आली तशी बसत बसत जिना उतरून गेली.

मी किशोरला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "टब उलटवा ताई. असंही मरूनच राहिलं ते. सडलेलं काढून टाका, उरलं तं उरलं."

मी तारा सोडल्या आणि झाड बाहेर काढलं. मधला काळ्या मातीचा गोळा तसाच्या तसा आला, चिकट, आणि गटारासारखा वास मारणारा. त्याच्यातली मुळं हात लावला की सालीसारखी निघून यायची. आत काही उरलंच नव्हतं. मग मी झाड फिरवलं. दाराकडच्या बाजूला, नेमकी जिथं माय पाणी ओतत होती तिथं, नवी मुळं आली होती. पांढरीशुभ्र, शेवयांसारखी, चांगली मूठभर. तिला गुडघ्यांमुळं एक पाऊल पुढं येता येत नव्हतं, म्हणून ती रोज त्याच कडेला ओतायची. त्या कडेला मुरूम होता. पाणी झिरपून खाली जायचं आणि मागोमाग हवा आत यायची. अख्ख्या टबात तेवढा एक कोपरा जिवंत होता, आणि तो तिच्या तांब्यावर जगला होता. मारलं होतं ते माझ्या मातीनं.

गोणीची मला आठवणच राहिली नव्हती असं म्हणाले तर ते खोटं होईल. मायवर ओरडत होते तेव्हाही ती मला आठवत होती. म्हणून तर एवढी ओरडले.

काळी माती मी कणाकणानं धुऊन काढली, सडकी मुळं कापली आणि त्या मूठभर मुळांवर झाड पुन्हा निव्वळ मुरमात बसवलं. फोटो काढायचं वगैरे काही सुचलं नाही, कोपरापर्यंत हात चिखलात होते.

"किती मुळं राह्यले?" किशोरनं विचारलं.

"मूठभर."

"मंग आता देवावर सोडा ताई."

"आमच्याकडे देव नाही, किशोर."

"मंग काय करता?"

"वाट पाहते," मी म्हणाले.

खाली आले तेव्हा माय फोनवर होती. पुंजाजी मामाशी बोलत होती. "दादा, माह्या हातून झाड गेलं. पोरीनं नाही म्हनलं होतं, मीच पानी पाजलं." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. तिच्या हातातून फोन घेऊन खरं सांगायला चार पावलं टाकायची होती. मी ती टाकली नाहीत. चहा ठेवला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, इथं संन्यासी स्वतःच सुळीवर चढला होता आणि चोर चहा गाळत होता.

त्या दिवसापासून मायनं पाण्याला हात लावायचं सोडलं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. रोज सकाळी माठ तीच भरायची, तो रिकामा दिसायला लागला. कणीक तीच भिजवायची, ती माझ्यावर पडली. मी विचारलं तर म्हणाली, "मी भरलेलं पानी कायले पेतं?" मी पेला भरून हातात दिला की प्यायची. मी दहाला कॉलेजात जाऊन सहाला यायचे. मधल्या वेळात ती माठातून पेलाभर पाणीसुद्धा काढून घेत नव्हती. कोणी येऊन ओतून देईल तेव्हा प्यायचं, अशी बसून राहायची. जूनचा उकाडा तुम्हाला माहीत आहे. मला हे पाच दिवस कळलं नाही, किंवा कळूनही मी बोलले नाही, मला आता नक्की सांगता येत नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आले तर माय पलंगाच्या खाली फरशीवर पडलेली. ओठ फुटलेले, डोळे उघडे, पण मला ओळखेना. मला "अक्का" म्हणाली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सलाईन लावल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अंगात पाणीच नाही हो यांच्या. घरात प्यायचं पाणी नव्हतं का?"

मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली आहेत. कुठल्या झाडाला किती पाणी लागतं हे मला झोपेतही विचारा. 

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली आणि मी तिला सगळं सांगितलं. गोणी, काळी माती, पांढरी मुळं, सगळं. तिच्या पायाशी बसून सांगितलं. रडलेही, आणि मी रडत नसते. 

"तुह्या बाबाच्या वेळेसबी तू असंच सांगत होती," ती म्हणाली. "तीन महिने. गाठ साधी हाये, बरे होऊन राहिले. माह्या जिवाची काळजी लागली का तू खोटं बोलते."

"हे खोटं नाही, माय."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी आणल्यावरही तेच. पेला हातात द्यावा तेव्हा पाणी. मी चार दिवसांची रजा काढली. पण जन्मभर रजा कोण देणार? पाचव्या दिवशी सकाळी मी खुरपं घेतलं आणि गच्चीवर गेले. तिला दाखवायचं ठरवलं होतं. झाड त्या मूठभर मुळांवर कसंबसं टेकलेलं होतं, एकही पान नव्हतं. तीन आठवड्यांच्या आत पुन्हा उपसलं तर ते मरणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्या क्षणी ते मेलं तर मला चालणार होतं. दीडशे घरांसमोर जाऊन मी मारलं म्हणून सांगितलं असतं. पण ही बाई माझ्या एका वाक्यापायी तहानेनं मरत होती, आणि ते वाक्य परत घ्यायला माझ्याकडे दुसरा कुठलाच पुरावा नव्हता.

मी प्लॅस्टिक काढलं, तारा सोडायला घेतल्या. मागून फरशीवर हात टेकल्याचा आवाज आला. माय बसत बसत वर आली होती.

"काय करून राहिली?"

"थांब. दाखवते तुले. दाराकडचे मुळं पांढरे हायेत. तू पाजलेल्या पान्यानं जगले ते. डोयानं पाह्य अन् मंग मले खोटी म्हन."

मी मुरमात बोटं घातली. तिनं माझं मनगट धरलं. दवाखान्यातून आलेल्या म्हातारीत एवढा जोर कुठून आला, मला कळलं नाही.

"उकरलं तं मरीन नं ते?"

"मरीन."

"मंग राहू दे."

"माय, तू नाही मारलं. मी मारलं. हे तुले कसं पटवू?"

"पटलं काय अन् नाही पटलं काय. बोललेलं परत जाते का, बाई?" तिनं हात सोडला नाही. "हे जगू दे. अन् पुंजादादाले ते मातीचं सांगू नोको. आपल्या विहिरीच्या मातीनं झाड मारलं हे त्यानं कायले आयकावं? लेकरू होता तो, खांद्याची साल निघेपर्यंत दगड वाह्यले त्यानं. माह्यं नाव सांगून झालं हाये. तेच राहू दे."

म्हणजे तिला पटलं होतं. दवाखान्यातच पटलं होतं की आता, ते मी विचारलं नाही. मी तिला फक्त एवढं म्हणाले, "तू आपल्या हातानं पानी पेशीन का? नाही तं मी आत्ता उकरते." मायला धमकी देणारी पोरगी मीच. तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "पेते." आम्ही खाली उतरलो. तिनं माठातून स्वतः पेला भरला आणि माझ्यासमोर उभी राहून प्यायली. मी तारा पुन्हा आवळायला वर गेले.

पुढचे सात आठवडे झाड म्हणजे नुसता खुंट होता. पाऊस आला, गेला, पुन्हा आला, मी प्लॅस्टिक खाली ओढत राहिले, वर घेत राहिले. दर आठ दिवसांनी नखानं साल खरवडायची. हिरवी दिसली की आणखी आठ दिवस. झाड पुरतं गेलेलं नाही, एवढं मी पुंजाजी मामाला कळवलं होतं; तो फोन करायचा आणि माझ्याऐवजी मायची चौकशी करायचा, "सुंदरा बरी हाये नं? फार मनाले लावून घेऊ नोको म्हना तिले." मी "हो मामा" म्हणायचे. वस्तीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, म्हाताऱ्या माणसांना झाडापाशी फिरकू देऊ नये म्हणून. त्याला बत्तीस जणांनी अंगठा दिला होता. मी फोन भिंतीवर फेकायची तेवढी राहिले.

भाद्रपदात बुडाजवळ एक टोक फुटलं. मी कोणाला सांगितलं नाही, जिलबीही आणली नाही. मग दुसरं फुटलं. थंडीत ते तसंच थांबून राहिलं आणि मार्चात पानांनी भरलं. किशोर येऊन टबाखाली पालथा पडून बघून गेला. खालच्या भोकातून मुळाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. "धरलं ताई," तो म्हणाला, "आता याले कोनी मारत नाही." मला आनंद झाला, नाही असं नाही. मायला सांगितलं तर ती "बरं झालं" म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. गच्चीवर ती त्या दिवसानंतर आलीच नव्हती. माठाचं पाणी ती प्यायची, पण घरातल्या एकाही झाडाला तिनं पुन्हा पाणी घातलं नाही.

बुद्धपौर्णिमेला आम्ही पिंपळ गावी नेला. दगडी कुंडी पातूरच्या पाथरवटानं घडवली होती. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यात जमली होती, नव्या विहाराला अजून रंगाचा वास होता. वंदना झाली. पुंजाजी मामानं माईक हातात घेतला, आणि त्याला रडूच आलं. सावरल्यावर म्हणाला, "आमच्या सुंदरानं मायेपोटी पानी पाजून मारलंच होतं त्याले. पन तिच्या पोरीनं मरनाच्या दारातून आनलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून उभी राहिले. "मामा, मायनं नाही मारलं. चूक माह्यी होती. माय नसती तं हे झाड—"

"पाहा," मामा माईकवरून म्हणाला, "अजूनबी मायवर आळ येऊ देत नाही. पोरगी असावं तं असं." पुन्हा टाळ्या झाल्या. काळ्या मातीचं नाव माझ्या जिभेवर होतं. समोर मामाचे डोळे ओले होते, आणि शेजारी मायनं माझा पदर धरून खाली ओढलं. मी बसले.

मग पहिलं पाणी घालायची वेळ आली. वस्तीतल्या सगळ्यात वयस्क बाईनं घालायचं असं ठरलेलं होतं, आणि जमलेल्या बायकांत वयानं मायच सगळ्यात मोठी होती. एका पोरीनं स्टीलचा जग भरून आणला आणि मायकडे निघाली. मागून कोणीतरी थट्टेनं म्हणालं, "मावशीच्या हाती देऊ नका बाप्पा, नाही तं वर्षाची मेहनत पान्यात जाईन." सगळे हसले. वाईट हसले असं नाही, घरच्या माणसाला हसतात तसे. मायही हसली.

मी त्या पोरीच्या हातातून जग घेतला आणि मायसमोर धरला. "घे. तूच टाक."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मी जग धरून उभी राहिले. सगळे थांबले होते, मामाही थांबला होता. माय माझ्याकडे बघत नव्हती, झाडाकडे बघत होती. मग पाणी मीच घातलं.